पाच वेळा उठायची परीक्षा

टोकावडे

ती. जनाताईस,

धाकट्या ज्ञानेश्वरचा नमस्कार. तुझ्या गुडघ्याची खबर कळव (डावा की उजवा ते विसरलो, तेव्हा दोन्हींची कळव). मी ठीक आहे, आणि मुख्य म्हणजे टोकावड्यातच आहे.

पावसाळ्यात मी ओट्यावरून पडलो हे तुला ठाऊकच आहे. त्यावरून आमच्या शेखरने सगळ्या भावकीसमोर जाहीर केलं, की बाबांना वाशिंदला न्यायचं, तिसऱ्या मजल्यावर. (ब्लॉक चांगला आहे गं, पण तिथं मी नुसता ठेवलेला असणार.) मी हटून बसलो. शेवटी तोड निघाली: मुरबाडला म्हाताऱ्यांसाठी दिवसभराचं केंद्र आहे, तिथं जाऊन व्यायाम करायचा आणि तीन महिन्यांनी हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठून दाखवायचं. जमलं तर घर, नाही तर वाशिंद.

ताई, जन्मभर उकिडवं बसलेल्या माणसाला खुर्चीवरून उठायला शिकवतात! पहिल्याच दिवशी मी उठलो, तर प्लास्टिकची खुर्चीही कमरेला अडकून माझ्यासोबत उठली. व्यायाम घेणाऱ्या समीक्षा मॅडमनी पायाला बांधायला रबरी पट्टा दिला. चांगला मजबूत दिसला म्हणून सरपणाची मोळी बांधायला मी तो घरी आणला (दुसऱ्या दिवशी मान खाली घालून परत केला). मग तोल सांभाळायला मागे चालायचं आलं. मॅडम म्हणाल्या, टेबल धरून हळूहळू मागे या. आता भात लावताना मागे सरकण्यातच ज्यांची कंबर गेली, त्यांना हे शिकवायचं? माझ्यासोबत व्यायामाला येणारी गीताबाई म्हणाली, "मागं तं मी जलमभर चालले, गो," आणि टेबल सोडून वाकलीच. तिच्या बाजूला कमळ वाकली, मग मी. हवेत रोपं लावत आमची अख्खी ओळ पार भिंतीपर्यंत सरकली. मॅडम रडवेल्या होऊन ओरडत होत्या, पण पडलं कुणी नाही. आता दर मंगळवारी तिथं रीतसर भाताची आवणी असते.

परवा शेखर परीक्षा बघायला आला. मला दरदरून घाम फुटला होता. हात छातीशी धरून चार वेळा उठलो. पाचव्या वेळी जरा वेळ लागला, पण उठलो! शेखर म्हणाला, "राहा तुमी इथंच, बाबा." इतकं हायसं वाटलं, की घरी येऊन उंबऱ्यावर बसलो आणि पोटभर रडलो.

तुझा,
ज्ञानेश्वर

ता. क. तुमच्याकडचं ते बुटकं बाकडं तुझ्या पांडूबरोबर पाठव. पाहुण्यांना बसायला हवंय.

ता. क. २: पाहुणे कसले! काल कमळने सांगितलं, परीक्षेची खुर्ची आमची रोजची नव्हतीच. शेखरने सकाळी लवकर येऊन रोजची आत ठेवली आणि ऑफिसातली उंच खुर्ची मांडली. उंचावरून उठणं सोपं जातं, हे मॅडमनी शंभरदा सांगूनही माझ्या लक्षात आलं नाही. म्हणून आता बुटक्यावरून सराव करणार आहे. शेखरला यातलं काही बोलू नकोस. बापाला फसवून किती खूश होऊन गेला पोरगा, तू बघायला हवं होतंस.