कोपराखाली चार बोटं

गिरगाव, मुंबई
रविवार, ता. ८ फेब्रुवारी १९५९

चि. कालिंदीस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. सकाळी अजून थंडी असते. तुझ्या कमलमावशीच्या खोकल्याचं मागे कानावर आलं होतं, आता उतार असेल. शाळेत वार्षिक परीक्षांची गडबड सुरू होईल, म्हणून थोडक्यात लिहितो.

गेल्या महिन्यात तुझ्या आईचं वर्षश्राद्ध झालं. तू आलीस, पानं वाढलीस आणि चारच्या ट्रामनं दादरला परत गेलीस. बोलणं झालं नाही. वर्ष पुरं होईपर्यंत घरात हातोडी वाजवायची नाही असं शेजारच्या रमाबाईंनी बजावलं होतं, म्हणून थांबलो होतो. आता स्वयंपाकघराचं काम काढायचं ठरवलं आहे.

बेत असा आहे. गॅलरीकडच्या खिडकीखाली उभ्याचा ओटा बांधायचा. लांबी सहा फूट, वर कडप्प्याची लादी. खाली दोन कप्पे, एकात कोळसे, दुसऱ्यात डबे. मोरीचा कठडा वीतभर मागे घ्यावा लागेल, नाहीतर ओट्यापाशी उभ्या माणसाला दार लागतं. भिंतीवरची मांडणी फार उंच आहे, ती हात पोचेल इतकी खाली घेणार आहे. फडताळ मात्र आहे तिथंच ठेवणार. सोबत आकृती जोडली आहे. ती पट्टीनं काढली आहे, तेव्हा प्रमाण बरोबर आहे.

तुझ्या आईच्या मनात हा ओटा बरीच वर्षं होता. तेव्हा ते राहून गेलं.

घरमालकांची परवानगी काढली. त्यांचे मेहता स्वतः वर येऊन जागा पाहून गेले. तू त्यांना ओळखतेस, भाडं न्यायला येतात ते. आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले, "एक माणूस ने सहा फूट ओटा? खानावळ काढते काय, अण्णा?" मग कागद पुढे करून विचारलं, घरात माणसं किती. मी सांगितलं ते त्यांनी लिहून घेतलं.

रमाबाईंनी तर गॅलरीत सगळ्यांच्या देखत विचारलं, "अण्णा, खरं सांगा, नवी नवरी आणताय की काय? नाही म्हणजे, आम्हांला लुगडी काढून ठेवायला बरं!" त्या मनानं चांगल्या आहेत. तेरा महिन्यांत एकदाही मला आमटीची वाटी न देता त्यांनी जेवण उरकलेलं नाही.

गवंडी मिळाला आहे. लालबागचा भिकाजी. रमाबाईंचा ओटा त्यानंच बांधला. परवा येऊन त्यानं भिंतीवर कोळशानं आडवी रेघ ओढली, पण लांबीचीच. उंचीची ओढेना. म्हणाला, "हुबो ओटो म्हणजे माप होया, साहेबानू. कोपराच्या खाली चार बोटां. उंच झालो तर खांदे भरून येतत, खाली झालो तर कंबार जाता. पण कोपर कोणाचो?" मी म्हणालो, नंतर कळवतो.

तरी तू उभी राहिल्यावर तुझा कोपर जमिनीपासून किती इंचांवर येतो, ते मोजून पोस्टकार्डानं कळवावं. चपला काढून मोजावं. शिवणाची टेप मावशीकडे असेलच.

मावशीकडून तुला शाळा जवळ पडते, त्यामुळे तिथं राहणं सोयीचं झालं हे मी जाणतो. तेव्हा माप मागितल्याचा दुसरा काही अर्थ घेऊ नये.

मावशीला नमस्कार सांगणे. कळावे.

गं. वि. दिघे


गिरगाव, मुंबई
रविवार, ता. २२ फेब्रुवारी १९५९

चि. कालिंदी,

तुला आशीर्वाद. तुझं कार्ड गुरुवारी आलं. त्यावर दोनच शब्द आहेत. "ओटा कोणासाठी?" वर मायना नाही, खाली सही नाही. इंच तर नाहीतच.

तीन दिवस ते कार्ड खिशात घालून फिरलो. एका ओळीत उत्तर देता येईल असं वाटलं होतं. येत नाही. मागच्या पत्रात मी काही गोष्टी बरोबर लिहिल्या नाहीत. त्या दुरुस्त केल्याशिवाय तुझ्या प्रश्नापर्यंत पोचता येणार नाही.

ओट्याबद्दल मी "राहून गेलं" असं लिहिलं. राहून गेलं नव्हतं. मी नाही म्हटलं होतं. रमाबाईंकडे ओटा झाला त्या वर्षी तुझ्या आईनं पहिल्यांदा विचारलं. मी म्हणालो, उभ्यानं रांधतात ते खानावळीत. तू तिथंच लसूण सोलत बसली होतीस, तुला आठवत असेल. पुढच्या वर्षी तिनं गुडघे सुजलेत म्हणून विचारलं, तर मी तेलाची बाटली आणून दिली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी ऐकलं नाही असं दाखवलं. मग तिनं सोडून दिलं.

आता शेगडीपुढे मी बसतो. वरणभात, पिठलं, कधी पोळ्या, त्याही धड होत नाहीत. उठताना आधाराला फडताळाची पितळी कडी धरावी लागते. तिथं हात घातला तेव्हा दिसलं, कडीची खालची बाजू झिजून गुळगुळीत झाली आहे. ती काही माझ्या तेरा महिन्यांत झिजलेली नाही. ती तिथं आहे म्हणूनच फडताळ हलवायचं नाही असं ठरवलं.

भिकाजीचंही सगळं लिहिलं नाही. "कोपर कोणाचो?" असं त्यानं विचारलं, तेव्हा मी त्यानं ओढलेल्या रेघेकडे बघू लागलो. मग तोच म्हणाला, "वैनीचो कोपर खय येय होतो, तितक्या तरी सांगा, अंदाज करतंय." मी भिंतीपाशी गेलो, हात पुढे केला आणि तसाच उभा राहिलो. मला सांगता येईना. एकतीस वर्षांच्या संसारात तिला त्या भिंतीपाशी उभी मी कधी पाहिलीच नव्हती. बसलेली पाहिली. बसल्यावर तिचं डोकं खिडकीच्या चौकटीला कुठं लागायचं, ते मी आजही बोट ठेवून दाखवीन. भिकाजीनं कोळसा खिशात टाकला आणि म्हणाला, "ऱ्हवांदे. मागून सांगा."

आता शाळेचं. मावशीकडून तुला शाळा जवळ पडते, असं मी लिहिलं. तू तिथं गेलीस तेव्हा तुला शिक्षिकेची नोकरीच लागली नव्हती. हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे.

पुढचं तुला ठाऊक नाही. तुझ्या आईलाही ठाऊक नव्हतं.

छप्पन साली तू संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडली गेलीस, त्याच्या तिसऱ्या दिवशी कचेरीत साहेबांनी मला आत बोलावलं. म्हणाले, "दिघे, तुमच्या घरचं कोणी आत आहे असं ऐकतो." मी "होय" म्हणालो. ते "बरं" म्हणाले आणि त्यांनी पुढची फाईल मागितली. एवढंच झालं. त्यांनी लिहून मागितलं नाही. धमकी दिली नाही. मी टेबलाशी परत आलो, कागद घेतला आणि आपण होऊन लिहिलं की सदर मुलगी माझ्या घरी राहत नाही व तिच्याशी माझा संबंध नाही. खाली पुरी सही केली आणि तो कागद वर पाठवला. अक्षर चांगलं आलं होतं.

मग घरी आलो तर तुझी ट्रंक कॉटखाली होती. तू चार दिवसांनी सुटणार होतीस. तू घरी आलीस की माझा कागद खोटा ठरणार होता. नोकरीत मी कधी खोटा कागद केला नाही, याचा मला अभिमान होता. तो राखण्यासाठी मी तुझी ट्रंक उचलली आणि ट्रामनं कमलकडे नेऊन ठेवली. तुझ्या आईला सांगितलं, साहेबांनी लिहून मागितलं, नोकरीचा प्रश्न आहे, थोडे दिवस. तिनं तेच कमलला सांगितलं आणि कमलनं तुला. त्या थोड्या दिवसांची तीन वर्षं झाली.

दर शनिवारी ती "कमलकडे जाऊन येते" म्हणायची. मी "बरं" म्हणायचो. तू कशी आहेस हे मी एकदाही विचारलं नाही, आणि तिनंही आपण होऊन सांगितलं नाही. पण शनिवारी परत आली की ती जेवताना जरा जास्त बोलायची. त्यावरून मी समजून घ्यायचो. साहेबांनी मला भाग पाडलं, अशी तिची समजूत होती. त्या समजुतीवर तिनं मला सांभाळून घेतलं आणि ती समजूत घेऊनच ती गेली. तिला खरं सांगायला मला दोन वर्षं मिळाली होती.

तिच्या चौदाव्या दिवशी तू पिशवी घेऊन परत कमलकडे निघालीस, तेव्हा मी पेपर वाचत होतो. वाचत नव्हतो. तोंडापुढे धरला होता.

शुक्रवारी मी कचेरीत नवा अर्ज दिला. कु. कालिंदी गंगाधर दिघे ही माझी मुलगी असून माझ्या कुटुंबातली आहे, मागील निवेदन चुकीचं होतं व ते मी कोणीही न सांगता केलं होतं. हेडक्लार्क माधवराव तो वाचून माझ्याकडे बघतच राहिले.

"दिघे, पेन्शनला चौदा महिने राहिले. हे आत्ता कुठं उकरून काढता? राज्य व्हायचं तेव्हा होईल, मग द्या की अर्ज."

"आज लावा."

"वर विचारतील."

"विचारू देत."

"तब्येत बरी आहे ना तुमची?"

"आज बरी आहे," मी म्हणालो.

राज्य झाल्यावर अर्ज देण्यात काही अर्थ नव्हता. तेव्हा तो कोणीही देईल.

माधवरावांनी माझी फाईल काढली. जुना कागद त्यात होता. तो मी तीन वर्षांत पाहिला नव्हता. समासात साहेबांच्या हातचा इंग्रजीत शेरा होता, गरज नाही. त्याखाली तारीख होती. कागद मी वर पाठवला त्याच दुपारची. तुझी ट्रंक अजून कॉटखालीच होती तेव्हा.

माधवराव म्हणाले, "बघा, त्यांनी तेव्हाच सोडून दिलं होतं. मग आता नवा कशाला?" मी म्हणालो, त्यांनी सोडलं, मी नव्हतं सोडलं. नवा अर्ज जुन्याच्या वर टाचून घेतला आणि आवक क्रमांक पडेपर्यंत तिथून हललो नाही.

आता तुझा प्रश्न. ओटा कोणासाठी?

आईसाठी म्हणालो तर ते खोटं होईल. तिला आता त्याचा उपयोग नाही. माझ्यासाठी असता तर मी माझाच कोपर मोजून दिला असता. आणि तू येऊन मला रांधून घालावंस म्हणूनही नाही. रांधायला मी शिकलो आहे, पोळ्याही जमतील. तू शाळेत जावंस, मोर्चाला जावंस, परत यायला उशीर झाला तर ताट झाकलेलं असेल. ज्या घराशी तुझा संबंध नाही असं मी लिहून दिलं, त्या घरात तुझ्या मापाची एक वस्तू पक्की असावी, सिमेंटात बसवलेली, कोणाला उचलून ट्रामनं नेता येणार नाही अशी. म्हणून ओटा. तुझ्याहून मी चांगला वीतभर उंच आहे. त्या ओट्यावर पोळ्या लाटताना मला वाकावं लागेल. त्याची तयारी आहे.

भिकाजी काल येऊन गेला. कडप्पा पसंत करून ठेवला आहे, वाळू जिन्याखाली पडली आहे, मेहता त्यावरून रोज बोलतात. भिकाजी म्हणाला, "शिमग्याक मी गावाक जातलंय. त्याच्या आदी माप दिलास तर बांधून देतंय, नायतर मग पावसाच्या तोंडार." मी त्याला सांगितलं, अंदाजानं बांधायचं नाही. माप आलं नाही तर ती भिंत आहे तशी राहील आणि मी खाली बसूनच रांधीन. पण दुसऱ्या कोणाच्या मापानं तो ओटा होणार नाही.

टेपनं मोजून पाठवलंस तरी चालेल. पण भिकाजी म्हणतो, माणूस भिंतीपाशी उभं राहिलं म्हणजे चूक होत नाही.

एक दुरुस्ती राहिली. मेहतांनी माणसं किती म्हणून विचारलं, तेव्हा मी किती सांगितली ते तुला लिहिलं नाही. दोन सांगितली. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि दोन लिहिलं. खाली माझी सही आहे. म्हणजे पुन्हा एक कागद खरा नसताना मी सही करून बसलो आहे. मागच्या खेपेला लिहिलेलं खरं करायला मी तुझी ट्रंक उचलून नेली. या खेपेला ते खरं करणं माझ्या हातात नाही, तुझ्या आहे. तू नाही म्हणालीस तर मेहतांकडे जाऊन दोनाचा एक करून येईन आणि तुला दोष देणार नाही.

हो म्हणालीस तर फक्त वार कळव. ट्रंक उचलायला मी येईन.

मागच्या पत्राखाली मी कचेरीतली पुरी सही केली होती. तीही चूकच होती.

तुझा,
अण्णा