उलटे बसवलेले टायर

प्रिय नोरा,

मी, एलिस थ्वेट, वय अठ्ठ्याहत्तर, आपल्या खेड्यातला जुना मोटारसायकल मेकॅनिक, खरे तेच लिहितो. आपल्या लेकीकडे, ग्वेनकडे, मी सुखरूप पोहोचलो. परंतु इथे वार्षिक तपासणीत माझी मोटारसायकल नापास झाली. मागचे टायर मी स्वतः उलटे बसवले होते. त्यावरचा दिशेचा बाण मला दिसलाच नाही.

तपासनीस म्हणाला, "काय हो आजोबा, घरापासून रिव्हर्समध्येच आलात की काय?"

ग्वेन हसली असती तर बरे झाले असते. तिने गाडीची किल्ली काढून घेतली.

तुझे गुडघे कसे आहेत? बरे असल्यास बसने ये. माझा चष्मा चहाच्या डब्यामागे मीच लपवला आहे, तो आणावा. परतताना बसमध्ये मी तुझ्याशेजारी बसेन.

तुझा,
एलिस

साक्षीदार: तपासनीस इद्रिस, आपली ग्वेन.