इंजिनाचं गाऱ्हाणं

चोपडे, पेडणे
१४ सप्टेंबर २०२४

चि. शंभू यास,
विनूताईचे अ. उ. आ.

चवथ झाली, गणपती पोचवले आणि घर एकदम ओकंबोकं झालं. तुझ्यासाठी खोबरं भरून तळलेल्या नेवऱ्या राखल्यात, त्या या पत्राबरोबर बसवाल्याकडे देते. डिचोलीच्या स्टँडवर घे. फोन मी मुद्दाम करत नाही. फोनवर तू गोड बोलतोस आणि मी हो म्हणून बसते. कागदावर तुझी ती गोडी चालायची नाही.

माझा झील साईश तुझ्या गॅरेजातून चवथीला आला तो काळी नखं घेऊन. आरतीच्या ताटाला मी हात लावू दिला नाही. विचारलं तर साईश म्हणाला, मामा शर्यतीच्या गाडीचं इंजिन बांधतोय आणि ती गाडी मी चालवणार. एवढ्या आनंदानं म्हणाला रे! शंभू, तुझी अक्कल काय खाणीबरोबर बंद पडली? त्याचा बाप खाणीच्या रस्त्यावर टिपरसकट उलटला तेव्हा त्याला बाहेर काढायला तूच गेला होतास. मला तोंडसुद्धा बघू दिलं नाहीत तुम्ही लोकांनी. आणि त्याच्याच पोराला तू वाऱ्यावर सोडणार?

मी भांडत बसत नाही. सोमवारी देवळात जाऊन देवापुढे बोलणाऱ्या घाड्याच्या तोंडून रवळनाथाला गाऱ्हाणं घालणार, की हे इंजिन कधी पुरं होऊ नये. लपवून करत नाही, सांगून करते. राग आला तर येऊ दे. नेवऱ्या मात्र मऊ पडायच्या आत खा.

रागातही तुझी माया न सुटणारी,
विनूताई


डिचोली
२६ सप्टेंबर २०२४

ती. ताईस,
शंभूचा शि. सा. न. वि. वि.

नेवऱ्या पोचल्या. गाऱ्हाणंही पोचलं असावं, पुढे वाच म्हणजे कळेल.

गाडी आमच्या योगेशबाबची, बार्जवाल्यांचा धाकटा तो. त्याच्याकडे हौस, माझ्याकडे हात, साईशकडे पाय. ठरलंय असं, की इंजिन मी बांधायचं, मजुरी घ्यायची नाही आणि त्याबदल्यात गाडी साईशनं चालवायची. कागद नाही केला, शब्दावर आहे. खाणीवर आपला जन्म शब्दावरच गेला.

या इंजिनाला टर्बो लावतोय, तो म्हणजे काय ते तुला सांगतो, म्हणजे देवापुढे नीट नाव तरी घेशील. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा गरगरतो आणि तो आत हवा कोंबतो. जितकी हवा तितकं पेट्रोल आणि तितका जोर. कंपनीनं दिला त्याच्या तिप्पट जोर मला काढायचाय. तो पेलायला आतले पिस्टन, रॉड, मागचा क्लच, गिअर, ॲक्सल, सगळं बदलावं लागतं, नाहीतर काडीसारखं मोडतं.

काल इंजिन चाचणीच्या मशीनवर बांधून पुरता जोर दिला आणि वरचं झाकण, ते हेडच उचललं. गॅसकेट उडालं, पाणी ऑइलात शिरलं. मी साईशला म्हटलं, तुझ्या आवशीचा देव भलताच पॉवरफुल. तो हसला नाही.

आणि एक सांगतो, रागावू नकोस. भावोजींचा जीव वेगानं घेतला नाही गो. त्या टिपरला ब्रेक नव्हते आणि ते मालकाला ठाऊक होतं. ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही, गाडीत पोलादी पिंजरा असतो. मी बांधलेल्या गाडीत मी भाच्याला मरू देईन?

लोभ कमी झाला असेल तर उरलेला तरी पाठव.
तुझा,
शंभू


चोपडे
१४ ऑक्टोबर २०२४

चि. शंभू यास,
अ. उ. आ.

इंजिनानं मान टाकल्याचं तुझ्या पत्रातून कळलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

साईश दसऱ्याला आला. मुद्दाम त्याच्या आवडीचं सुंगटांचं हुमण रांधलं होतं, पण त्यानं भाताला नुसतं बोट लावलं. मग विचारलं, आई, तू खरंच गाऱ्हाणं घातलंस? मी म्हटलं, होय. मला वाटलं आता आदळआपट करील, चार शब्द ऐकवील. मीही तयार होते. तर तो खाली वाकून पाया पडला आणि गेला. भांडला असता तर बरं झालं असतं रे मेल्या.

तब्येतीला जप, आणि त्याला जेवू घाल.
तुझी,
विनूताई


डिचोली
२९ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस,
शि. सा. न.

दिवाळी तोंडावर आली आणि इथं नरकासुर जाळायच्या आधी माझंच तोंड काळं झालंय. थट्टा करायचं बळ नाही आज.

हेडचं काम निभावलं. हेड आवळून धरायला जाड स्टड घातले, मशीनवर इंजिन खणखणीत चाललं. म्हणून चेन्नईजवळच्या ट्रॅकवर चाचणीला नेलं. साईश काय सुरेख चालवत होता, तू बघायला हवी होतीस! आणि उजवीकडच्या लांब वळणावर धाडकन आवाज आला. रॉड तुटून इंजिनाचं पोट फोडून बाहेर आली होती. साईश खाली उतरला, ऑइलात उभा राहिला, आणि मला म्हणाला, मामा, माझं काही चुकलं का?

त्याचं काही चुकलं नव्हतं. चुकलं माझं. जन्मभर मी टिपर बांधले. टिपर म्हशीसारखा वळतो, ऑइल तळाला गप्प बसून राहतं. ही गाडी वळणावर इतक्या जोरात जाते, की सगळं ऑइल एका कडेला चढतं आणि पंप नुसती हवा ओढतो. आतली बेअरिंगं कोरडी जळाली. तळाच्या टाकीत आडभिंती घालाव्यात हे खाणीवरच्या डोक्याला सुचलंच नाही. मशीनवर इंजिन जाग्यावर असतं, तिथं कसं कळणार?

योगेशबाबनं शेवटची संधी दिलीय. आता मोडलं तर तो बाहेरून तयार इंजिन आणेल आणि त्याच्याबरोबर तयार ड्रायव्हर. साईशचं वय वाढतंय. ही गाडी गेली तर त्याला दुसरी कोणी देणार नाही, ताई. त्यालाही ते माहीत आहे.

दुसरं इंजिन जोडतोय. आडभिंती घातल्या. कारण कळलं, उपाय केला, तरी हात कापतात. नट आवळतो आणि पुन्हा सोडवून बघतो. मी लोखंडावर भरवसा ठेवणारा माणूस, पण तुझ्या पाया पडतो, गाऱ्हाणं मागे घे. देवासाठी नको, माझ्या हातांसाठी घे.

तुझाच,
शंभू


चोपडे
६ नोव्हेंबर २०२४

चि. शंभू यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून चुलीवरची पेज उतू गेली तरी मला कळलं नाही. तू असा कधी लिहीत नाहीस.

गेले देवळात. घाडी म्हणाला, विनोदिनीबाय, लोक गाऱ्हाणं घालायला येतात, काढून घ्यायला आलेली तूच पहिली. मी म्हटलं, शहाणपणा पुरे, नारळ ठेव. इंजिन चालू दे, असं मी सांगितलं. मग त्यानं विचारलं, झिलासाठी काय मागू? गाडीत बसू दे, जिंकून येऊ दे, असं घालू? शंभू, माझी जीभच उचलली नाही रे. मी म्हटलं, त्याला धडधाकट घरी आण, बस्स. घाड्यानं तसंच घातलं आणि आम्ही होय म्हाराजा म्हटलं.

आता हात कापू देऊ नकोस. बांध बघू नीट.

तुझ्या पाठीशी असलेली,
विनूताई


डिचोली
२ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
शि. सा. न.

इंजिन चाललं. गाडी पहिली आली. साईश त्या गाडीत नव्हता.

त्यानं तुला काही सांगितलं नसणार, म्हणून मी लिहितो. आम्ही ट्रॅकवर पोचलो तर गाडीच्या टपावर दुसऱ्याच कोणाचं हेल्मेट. पुण्याचा मुलगा होता, त्याच्या बापाच्या कंपनीचं नाव दोन्ही दारांवर चिकटवलेलं. मी योगेशबाबला शब्दाची आठवण दिली. तो म्हणाला, शब्द पहिल्या इंजिनाचा होता, शंभू, ते फुटलं. ताई, मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी पाना घेऊन इंजिन उतरवायलाच निघालो होतो. साईशनं माझा हात धरला. म्हणाला, मामा, तू बांधलंयस, चालू दे ते.

त्या मुलाचे पट्टे साईशनंच आवळले. कुठलं वळण कुठून घ्यायचं तेही त्यानंच सांगितलं. शर्यतीत इंजिन असं गायलं, की आजूबाजूचे मेकॅनिक मला विचारायला आले, कुठे शिकलास. मला उचलून नाचवलं लोकांनी. वरून बघितलं तर साईश हत्यारं पुसून पेटीत भरत होता.

येताना साईश माझ्याबरोबर डिचोलीपर्यंत आला नाही. म्हापशाला उतरला आणि चोपड्याच्या बसमध्ये बसला. मी गॅरेज उघडलेलं नाही. त्याला माझ्याकडे पाठव, किंवा मी येऊ का, ते लिही. त्याच्यासमोर यायला मला तोंड नाही.

या नालायक भावाला अंतर देऊ नकोस.
शंभू


चोपडे
१७ डिसेंबर २०२४

चि. शंभू यास,
अ. उ. आ.

नालायक म्हणायचा हक्क माझा आहे, तुझा नाही. गॅरेज उघड.

साईश धडधाकट आहे. अंगावर ओरखडा नाही. देवाला दोष कुठल्या तोंडानं देऊ? मी मागितलं तेवढं त्यानं मोजून दिलं. मोरजीच्या एका हॉटेलवाल्यानं पोराला पाहुणे नेण्या-आणण्याच्या कामाला ठेवलंय. इतकी हळू गाडी चालवतो, की मागचे हॉर्न मारून दमतात. शेजारची सरस्वती म्हणते, विनोदिनी, किती शहाणं पोर तुझं! मला तिच्या अंगावर भांडं फेकावंसं वाटतं. परवा त्यानं मला विचारलं, आई, आता बरं वाटतंय ना तुला? आवाजात जरासुद्धा राग नव्हता रे.

काल मी त्याच्यापुढे हात जोडले. म्हटलं, जा, मामाकडे जा, दुसऱ्या कोणाची गाडी बघा, मी तोंडातून ब्र काढणार नाही. त्यानं माझे हात धरून खाली केले आणि म्हणाला, जेवायला वाढ.

तू ये. तोंड असो नसो, ये. मी एकटीनं सांगून भागत नाही. ज्याला अडवायला मी देवाला उठवलं, त्याला आता जा जा म्हणते, आणि तो जात नाही, शंभू.

तुझी वाट बघणारी,
विनूताई