पतंगांचे जातीचे दाखले

४ सप्टेंबर, आरमोरी
आजपासून रोजनिशी. विषय: शास्त्र. तहसीलीत जन्मभर जातीचे दाखले केले. निवृत्त झालो म्हणून नजर निवृत्त होत नाही. अंगणातल्या ऐनाच्या झाडावर टसर रेशमाच्या कोशाचे पतंग आलेत. मोठे, पिवळे, सुस्त. लोकांच्या लेखी सगळे एकच. लोकांना काय कळतं.

५ सप्टेंबर, सकाळ
काल एक पिवळा जाळीच्या डब्यात ठेवला होता. सकाळी बघतो तर जाळीवर बाहेरून दुसराच बसलेला. तांबडा, सडपातळ, मिशा पिसांसारख्या. जात वेगळी. हद्दीवरून भांडायला आला असणार. त्यालाही वेगळ्या डब्यात घातलं. निष्कर्ष: पिवळा मुबलक, तांबडा संकटग्रस्त. कारण उघड आहे, पिवळ्यांचं अतिक्रमण. जिल्ह्याच्या परिषदेत निबंध वाचणार.

६ सप्टेंबर
तांबड्याला साखरपाणी दिलं. शिवला नाही. परक्या घरचं पाणी घेत नाही, ह्याला म्हणतात कूळ. पिवळ्यानेही घेतलं नाही, पण तो नुसता माज. नाहीतर मुलचेऱ्याचा तो मास्तर राजदीप. मागे घरी आला नि दोन कप चहा ढोसून गेला. आमच्या मयुरीला ह्याच्याशी लग्न करायचंय. आपल्या जातीतला नाही, म्हटलं. ती म्हणाली, "बाबा, मले त्याची जात नाई पाहाची, त्याच्यासंग राहाचं हाय." दाखल्यांवर वाढलेली पोर ही.

८ सप्टेंबर
मयुरी हटत नाही. म्हटलं, शास्त्रच दाखवतो. दोन्ही पतंग एका डब्यात घातले. हे दोघे रात्रभर नांदले तर तुझं लग्न मी स्वतः लावून देईन, असं तिच्या आईसमोर सांगितलं. कमला म्हणाली, "पाहा जी, मंग बदलू नोका." प्रयोग कशाशी खातात हे तिला ठाऊक नाही. मारामारीत उलटू नये म्हणून डब्यावर वीट ठेवली.

९ सप्टेंबर, सकाळ
शेपटीला शेपटी जोडून बसलेत. सुटेनात. कमला म्हणाली, "नर-मादी होय ना जी हे." डबा लहान पडला. मोठा असता तर निकाल वेगळा लागला असता.

१० सप्टेंबर
पिवळीने डबाभर अंडी घातली. निबंध रद्द. मयुरीने अंडी पाहिली नि सरळ फोन लावला. "बाबा हो म्हणाले," एवढं ऐकू आलं. मी असं काही म्हणालो नव्हतो. रविवारी राजदीप आईवडिलांना घेऊन येतोय. कमला म्हणते, घरात साखर नाही, सगळी पतंगांना पाजली. पिशवी घेऊन निघालोय. जरा जास्तच आणावी लागेल, तो दोन कप पितो.