बोटानं मोजलेला दाब

३ नोव्हेंबर, सोमवार
करंजी घाटात गाडी पुन्हा बंद. तिसऱ्यांदा. सपाटीला नीट चालते. चढावर रेस दिली की गुदमरते. पाथर्डीला पोचलो तेव्हा बारावीचा तास संपला होता. चौदा वर्षांची मोटरसायकल, पंपानं पेट्रोल फवारणारी इंजेक्शनवाली. विकून टाका, म्हणतात सगळे.

४ नोव्हेंबर
भिंगार, युसुफचं गॅरेज. पाचवीपासून एका बाकावरचे आम्ही. जुलैत त्यानंच टाकीतला फ्युएल पंप नवा बसवला होता. आज चावी फिरवून टाकीला कान लावला. मग नळी दोन बोटांत धरून बसला, डोळे मिटून.
"पंप चांगलाय. त्यालाच पेट्रोल मिळंना. भरतो कुठं, मास्तर?"
"पेट्रोल पंपावर. अजून कुठे?"
"टाकी उघडू दे मला."
म्हणालो, बोटानं दाब मोजायचे दिवस गेले, युसुफ. तिथे थांबलेली चार गिऱ्हाइकं हसली. हसली म्हणून मला चेव आला. पुढचंही लिहायला हवं: "डुप्लिकेट पंप बसवलास आणि आता खापर टाकीवर फोडतोस."
यु.नं नळी सोडली. हात पुसले. "ने गाडी."

६ नोव्हेंबर
नगर, सावेडीतलं मोठं वर्कशॉप. त्यांच्याकडे दाब मोजायचं गेज आहे. गाडी उभी असताना दाब तीन. रेस वाढवली, काटा दीडवर. मेकॅनिक म्हणाला, "पंप ओरिजिनल आहे, सर. त्याच्याखालची गाळायची जाळी तुंबलीय."
म्हणजे बोटानं सांगितलं तेच.
जाळीवर पांढरट लगदा. चिमट्यानं ओढला तर सुताचे धागे.
"कापडातनं गाळून भरता का?"
नाही म्हणणार होतो.
दर रविवारी गावी, वडिलांकडे. निघताना दादा फवारणीच्या मशीनसाठी आणलेलं पेट्रोल कॅनमधून माझ्या टाकीत ओततात. जुन्या धोतराच्या फडक्यातून, शेतावरच्या इंजिनात डिझेल भरायचे तसं. पोराला रिकाम्या टाकीनं धाडायचं नाही, हा त्यांचा नेम. मी शेजारी उभा असतो. यु.नं विचारलं तेव्हा हे आठवलंही नाही. ते पेट्रोल भरणं आहे असं मी कधी धरलंच नव्हतं.

९ नोव्हेंबर, रविवार
गाव.
"दादा, फडकं नको आता. धागे जातात आत."
"मंग कचरा जाऊ द्यायचा व्हय?"
"पेट्रोलच नको. मी भरून आलोय."
"लई नखरे हायेत तुज्या गाडीचे." कॅन न उघडताच आत गेले. निघालो तेव्हा बाहेर आले नाहीत.

१० नोव्हेंबर
जाळी साफ झाल्यावर गाडी घाट एका दमात चढली. काही वाटलं नाही.

११ नोव्हेंबर
यु.कडे. गॅरेजमध्ये दुसरं कुणी नव्हतं. मला ते सोयीचं वाटलं, हे तिथेच लक्षात आलं.
"धागे निघाले. तू म्हणालास तसंच. चुकलो मी."
तो चेन धूत राहिला. "मला कशाला सांगतो? मला ठाऊकच हुतं. त्या चौघांना सांग. बाजारात बोलतेत, युसुफ माल बदलतो. दोघांनी गाड्या नेल्या माझ्याकडनं."
"कोण होते ते?"
"आता नावंबी मीच द्यायची?"

१३ नोव्हेंबर
बाजारात त्या चौघांतला एक सापडला. भाजी विकतो. त्याच्या गाळ्यासमोर उभं राहून मोठ्यानं सांगितलं, शेजारच्यांना ऐकू जाईल असं: पंप अस्सल होता. चूक आमच्या घरची. युसुफचा काही दोष नाही.
तो कौतुकानं बघत होता. "मन मोठं हाय सर तुमचं. दोस्ताला झाकून घेताय. पन ही लोकं तशीच, आमाला काय म्हाईत न्हाई व्हय?"
पुन्हा सांगितलं. धागे, फडकं, जाळी. मान डोलावली त्यानं. माझ्या पिशवीत दोन लिंबं वरून टाकली, फुकट.
ती काढून परत ठेवली नाहीत. का, ते…
तिघे राहिले. चेहरे आठवतात. त्यांना काय सांगायचं, ते आता ठाऊक नाही.