अर्ध्या कडव्यातून उठून गेल्याबद्दल

प्रिय दादास,

धाकटीचा प्रभूमध्ये सलाम. तुझी मानेची उसण उतरली असेल आणि माझ्यावरचा राग चढलेलाच असेल, असं धरून चालते. घरी सगळे मजेत आहेत. (आई मजेत नाही, पण ते तुला कळवायचं नाही असं तिने बजावलंय.) फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

रविवारी चर्चमध्ये मी तुला बघून ऑर्गनवरून उठून गेले, असा तुझा समज झालाय. साफ चूक! पण आधी मूळ भांडणाचं बोलते. तुझे होणारे सासरे घरी आले आणि त्यांनी सहज विचारलं, मुलगा रागीट आहे का. यावर कुठलीही शहाणी बहीण 'छे हो' म्हणते आणि चहा पुढे करते. पण मी नेमका त्याच आठवड्यात आपला विश्वास रोजच्या वागण्यात उतरवायचा विडा उचलला होता, आणि सुरुवात खरं बोलण्यापासून केली होती. म्हणून खिळा वाकला तेव्हा तू हातोडा खिडकीबाहेर भिरकावलास, ती गोष्ट मी त्यांना सांगितली. (शेजाऱ्यांच्या कुंडीसकट. काहीही न गाळता.) तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. त्या दिवशी माझं सगळं लक्ष मी किती खरी आहे याकडे होतं, तुझ्या तोंडाकडे नव्हतंच. एवढं कळायची अक्कल यायला मला इतके महिने लागले. वाईट वाटतं रे, फार वाईट वाटतं.

तर रविवार. पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं की अर्पण घेऊन आलात आणि आठवलं की आपला भाऊ आपल्यावर नाराज आहे, तर अर्पण तिथेच ठेवा आणि आधी त्याच्याकडे जा. ते दरवर्षी सांगतात आणि आपण दरवर्षी माना डोलावून घरी जेवायला जातो. यंदा मला ते टोचलं. अर्पणाचं गीत सुरू होतं, दुसरं कडवं, आणि वाजवणं हेच तर माझं अर्पण! ठेवलं तिथेच आणि उठले. (पायाने हवा भरायचा तो ऑर्गन, पाय थांबले की म्हशीसारखा हंबरून गप्प होतो. मंडळी वरच्या सुरात लटकली ती लटकलीच.) मी बाजूच्या दाराने सटकले ती थेट तुझ्या दुकानी.

दुकानाला कुलूप. बाहेर तुझ्याकडे दुरुस्तीला आलेली, स्प्रिंगा निघालेली एक आरामखुर्ची होती, तिच्यासमोर बसून मी माफीची तालीम केली. मोठ्याने. शेजारचा न्हावी अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक सोडून बघत होता. शेवटी त्यालाच राहवलं नाही. "अहो ताई, ते चर्चला गेलेत. इस्त्रीचा शर्ट घालून!"

मी धावत परत आले तर तू गेलेला. पाळकीणबाई म्हणाल्या, तू मोठ्या दारातून आत आलास, तेवढ्यात ऑर्गन थांबला, आणि तुला दिसली ती माझी पाठ. दादा, मला तू दिसला नव्हतास. ऑर्गनवरच्या आरशात फक्त पाळकसाहेबांची हनुवटी दिसते, कोणालाही विचार. तू एवढ्या महिन्यांनी माझ्यासाठी आलास आणि मी तुझ्यासाठी बाहेर पडले, याला काय म्हणावं! आता मात्र मी तुला सोडणार नाही. माफ कर. सासऱ्यांसमोरही माफी मागेन, पण या वेळी आधी तुला विचारून.

तुझी,
हट्टी धाकटी

ता. क. लग्नात वाजवायला तू बाहेरचा कीबोर्डवाला ठरवलायस असं कानावर आलं. त्याला नको म्हणून सांग. तुझ्या लग्नात मीच वाजवणार.

आणखी ता. क. वरची विनंती होती. धमकी ही : येत्या रविवारी तू आत येऊन बसल्याशिवाय मी पहिलं गीत सुरू करणार नाही. मंडळी उभीच राहील. आई पहिल्या रांगेत असते आणि तिचे गुडघे तुला माहीत आहेत. तिला विचारलं, तर एवढंच म्हणाली, "राहीन उभी."