लाल बटण आणि आम्ही आठ जणी

८ सप्टेंबर, सोमवार

निवड झाली! मिरजोळ्याच्या आमच्या कोळंबीच्या कारखान्यातून प्रशिक्षणाला आठ जणी, आणि त्यांची प्रमुख मी! युरोपातल्या गिऱ्हाइकाने कळवलंय — खराब कोळंबी कॅमेऱ्याने ओळखणारं ते नवं एआयचं मशीन कुठे चुकतं, हे चालवणाऱ्यांना कळलंच पाहिजे. चुकलं तर थांबवताही आलं पाहिजे. तिकडे तसा कायदाच आहे म्हणे. शिकलेली माणसं नसतील तर माल घेणार नाहीत.

आईला लगेच फोन. "म्हणजे आता तू मास्तरीण काय गो?"

१० सप्टेंबर

पुण्याहून शिकवायला आलेल्या बाई झकास आहेत. काळी पडलेली कोळंबी आणि कोळंबीवर पडलेली सावली, यातला फरक मशीनला कधीकधी कळत नाही. बाईंनी ते दाखवलं तेव्हा गोदाकाकू खूश — "म्हंजे ह्याला पण चष्मा लागलाय!" गोदाकाकू आमच्या टेबलावरची सगळ्यात जुनी. तोंडाने तिखट, हाताने त्याहून.

नियम एकच. चूक दिसली की लाल बटण दाबून मालाचा पट्टा थांबवायचा, कुणाला विचारायचं नाही. सोप्पं आहे!

१३ सप्टेंबर

नापास. आठच्या आठ.

परीक्षेत बाईंनी मुद्दाम चांगल्या मालात काळी कोळंबी मिसळली. मशीनने ती निमूट पुढे सोडली. आम्हा सगळ्यांना दिसली — आणि सगळ्यांनी कारखान्याच्या साहेबांकडे पाहिलं. पहिली मी! साहेब मोबाईलवर बोलत होते. तोवर माल खोक्यात.

इतकी वर्षं पट्टा थांबला की ओरडा खाल्लाय, हात पुढे जाणार कसा? बाई म्हणाल्या, "मशीनचं तुम्हाला सगळं येतं. साहेबांचं तेवढं विसरा." लाज वाटली, रागही आला. मंगळवारी पुन्हा परीक्षा.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पास!!!

काळी कोळंबी आली आणि गोदाकाकूने बटणावर अशी थाप मारली की पट्टा जागच्या जागी. साहेब दचकले, "अरे, कुणी—" काकू शांतपणे म्हणते, "मी. विचारायचं नाय, असं शिकवलंनी बाईंनी."

मशीनशेजारी पाटी लागली — देखरेख : तेजल. खाली बाकीच्या सात जणी. येता-जाता वाचतेय. आईला फोटो पाठवला, तिने तो अख्ख्या वाडीला दाखवला!

१९ सप्टेंबर

काल आमच्यातल्या शालनने पट्टा थांबवला, आज मी दोनदा. प्रत्येक वेळी खराब माल निघाला. काय मस्त वाटतं!

संध्याकाळी बघते तर लाल बटणावर काचेची पेटी. तिला कुलूप. चावी साहेबांच्या खिशात. "सारखं थांबवून कसं चालेल? गरज लागली की मागायची."

"मग चावी तरी द्या," मी म्हटलं, "नाहीतर पाटीवरून माझं नाव काढा." बोलून तर गेले. पण शब्द मागे घेतला नाही.

२० सप्टेंबर

सकाळी साहेबांनी माझं नाव काढलं. डबे खाऊन झाल्यावर बाकीच्या सात जणी केबिनच्या दारात उभ्या राहिल्या. गोदाकाकू म्हणाली, "आमचं पण काढा." — सोमवारी युरोपचा कंटेनर भरायचाय, आणि गिऱ्हाइकाला दाखवायला पाटीवर शिकलेलं माणूस एकही उरणार नाही!